कुंकवाचं बोट

भूकंप होऊन वर्ष उलटलं तरी मी मोजे घालूनच झोपत होते. काचा फुटल्या तर अनवाणी पायांनी मुलीला उचलून पळता येणार नाही, हे एकदा डोक्यात बसलं ते बसलं. दाराशी पिशवी भरून ठेवलेली असे. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटं, टॉर्च, पासपोर्ट आणि मुलीचे कपडे. मुलगी वाढत होती, त्यामुळे पिशवीतले कपडे अधूनमधून बदलावे लागत. नवरा म्हणायचा, "आपल्या घरातली सगळ्यात अपडेटेड गोष्ट म्हणजे तुझी पिशवी." तो गमतीनं म्हणायचा. मला हसू यायचं नाही.

आम्ही त्सुकुबात राहत होतो आणि नवरा रोज ट्रेननं तोक्योला जात असे. भूकंपाच्या दिवशी तो तिकडेच अडकला. ट्रेन बंद, फोन बंद. मुलीचं पाळणाघर, म्हणजे इथलं होइकुएन, गावाच्या दुसऱ्या टोकाला. ती तेव्हा चार वर्षांची होती. मी सायकल काढली. सिग्नल गेलेले, रस्त्याला भेगा, जिकडेतिकडे गाड्यांच्या रांगा. दोनदा पडले, एकदा रस्ता चुकले, आणि जमीन पुन्हा पुन्हा हलत होती म्हणून दर वेळी उतरून हँडल धरून उभी राहिले. पोचले तेव्हा अंधार पडला होता. बाकीची सगळी मुलं आपापल्या आयांबरोबर गेली होती. माझी एकटीच, डोक्यावर भूकंपासाठीची, कापूस भरलेली जाड टोपी बांधून, बाईंच्या मांडीवर बसलेली. रडली नाही. माझ्याकडे बघून एवढंच म्हणाली, "ओसोई." म्हणजे, उशीर केलास.

तेव्हापासून मी कधीही न्यायला गेले की ती तेच म्हणायची. वेळेवर गेले तरी "ओसोई", वेळेआधी गेले तरी "ओसोई". घरी मराठीत बोलणारी मुलगी हा शब्द मात्र जपानीतच बोलायची. बाईंना वाटायचं ती लाडात येते. मला ठाऊक होतं की ती अजून त्या अंधारात बसली आहे आणि मी अजून पोचलेली नाही.

म्हणून मला गाडी हवी होती. फिरायला नाही, मिरवायला नाही. पुन्हा तशी वेळ आली तर मला लवकर पोचायचं होतं, बस्स. नवऱ्याला हे पटवायला दोन महिने गेले आणि इथलं लायसन्स मिळवायला त्याहून जास्त. परीक्षकानं मला तीनदा नापास केलं. एकदा तर म्हणाला की तुम्ही आरशात फार बघता. पुण्यात चालवायला शिकलेल्या बाईला असं कुणी म्हणेल हे मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

गाडी मिळाली ती आमच्याच इमारतीत. तळमजल्यावर एक आजी राहायला आल्या होत्या, एकट्याच. फुकुशिमाच्या किनाऱ्यावरचं त्यांचं गाव भूकंपात फुटलेल्या अणुभट्टीच्या अगदी जवळ होतं, सगळं गावच उठवलं होतं. तोंडावर मी त्यांना त्यांच्या आडनावापुढे आदराचं सान लावून हाक मारायचे, पण मनात त्या आजीच होत्या. बुटक्या, ताठ, कचऱ्याच्या वर्गवारीत कुणी चूक केली तर पिशवी त्याच्या दारात परत नेऊन ठेवणाऱ्या. माझीही पिशवी दोनदा परत आली होती. त्यांचे डोळे अधू होत चालले होते आणि डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती. पुढच्या महिन्यात त्या ओसाकाला मुलाकडे कायमच्या जाणार होत्या. एक दिवस जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "माझी गाडी घेतेस का? जुनी आहे, पण तिनं मला कधी अडवलं नाही."

पांढरी, छोटी गाडी. पुढे-मागे इवाकीच्या नंबरप्लेट. त्या किनाऱ्यावरच्या गाड्यांना त्याच नावाची पाटी असते. त्या दिवसांत इवाकीची पाटी दिसली की पार्किंगमध्ये लोक शेजारची जागा सोडून पलीकडे गाडी लावत. मी हे डोळ्यांनी पाहिलं होतं.

आणि मी तरी कुठे वेगळी होते? मला त्या गाडीची भीती वाटत होती. ती त्या गावातून आली होती, त्या हवेतून आली होती. नगरपालिकेतून किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र उसनं मिळायचं, ते आणून नवऱ्यानं गाडी आतून-बाहेरून मोजली. आमच्या पार्किंगचा जो आकडा तोच गाडीचा. त्यानं यंत्र माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, "बघ. काही नाहीये." मी बघितलं, मान हलवली, आणि दुसऱ्या दिवशी तो कामावर गेल्यावर गाडी धुतली. मग दोन दिवसांनी पुन्हा धुतली. सीटा साबणानं पुसल्या, पायपुसणी फेकून नवी आणली. मागच्या सीटवर जाड प्लास्टिक अंथरून त्यावर मुलीची छोटी खुर्ची बसवली आणि मुलीला मात्र एकदाही तिच्यात बसू दिलं नाही. अजून गाडी आपल्या नावावर झाली नाही ना, असं तिला सांगत राहिले. आजींची खिडकी पार्किंगच्या बाजूला होती. पडदा बहुधा ओढलेला असायचा, म्हणून मी तिकडे फारसं लक्ष दिलं नाही.

जिच्यातून मुलीला वाचवून न्यायचं तिच्यातच मुलीला बसवायला मी घाबरत होते. असल्या भीतीला काय म्हणायचं, मला आजही सांगता येत नाही.

गाडी नावावर करायची म्हणजे इथल्या आरटीओत जायचं. आमच्या भागाचं ते कार्यालय शेजारच्या शहरात, बायपासच्या कडेला. कागद जमवताना माझ्या तोंडाला फेस आला. आधी पोलिसांकडून दाखला, की गाडी ठेवायला आपल्याकडे खरोखर जागा आहे. मग आजींच्या शिक्क्याचा दाखला. इथे माणूस सही करत नाही, शिक्का उठवतो, आणि महत्त्वाच्या कागदावर तो सरकारात नोंदवलेलाच शिक्का लागतो. आजींच्या गावाचं नगर कार्यालयसुद्धा गाव सोडून दुसऱ्या शहरात पाहुण्यासारखं बसलं होतं. दाखला तिथून पोस्टानं आला. त्यावर पत्ता मात्र जुनाच होता, जिथे आता कुणालाच राहायची परवानगी नव्हती. ओसाकाला जाऊन पत्ता बदलला की तो शिक्काही बाद आणि तो दाखलाही बाद. म्हणजे व्हायचं ते याच आठवड्यात व्हायला हवं होतं.

शेवटी सगळ्यात मोठा कागद, गाडी देत असल्याचा. आजींनी माझ्या स्वयंपाकघरात बसून तो भरला, शिक्का लाल शाईवर दाबला, कागदावर टेकवला आणि श्वास रोखून उचलला. गोल, स्वच्छ उठला. त्या स्वतःच खूश झाल्या.

जायच्या आदल्या संध्याकाळी सासूबाई स्काइपवर होत्या. "अगं, गाडीची पूजा कधी?"

"अहो आई, इथे नारळ कुठे फोडू पार्किंगमध्ये? पोलीस येतील."

"मग निदान कागदांना तरी हळदकुंकू लाव. तसे कोरे नेऊ नकोस."

यात त्यांचं काही चुकलं नाही. आमच्याकडे रीतच आहे. लग्नाची पत्रिका असो, नव्या फ्लॅटचे कागद असोत, कोपऱ्यात हळदीकुंकवाचं बोट लागल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत. सकाळी मी करंडा काढला, कुंकवात पाण्याचा थेंब टाकला आणि सगळ्यात वरच्या कागदाच्या कोपऱ्यात आधी हळदीचं, मग कुंकवाचं बोट टेकवलं. मलाही जरा धीर आला. सगळ्यात वर कुठला कागद होता ते मी बघितलंच नाही.

मुलीला होइकुएनमध्ये सोडलं, सायकलवरून. निघताना तिनं विचारलं, "आज कशानं येणार?"

"आज गाडीनं."

"नक्की?"

"नक्की," मी म्हणाले.

आजी माझ्याबरोबर आल्या. त्यांच्याशिवाय चाललं असतं, पण त्यांना गाडीला पोचवायला यायचं होतं. कार्यालयात मात्र त्या आत आल्या नाहीत, गाडीतच बसून राहिल्या.

आत सगळी गाड्यांच्या दुकानांची माणसं. एकेकाच्या हातात फायलींचा गठ्ठा, कुणाला काही विचारावं लागत नव्हतं. बाई मी एकटी, परदेशी मी एकटी. खिडकीवरच्या कारकुनानं कागद एकेक करून लावले, प्रत्येकावर बोट फिरवलं आणि आजींच्या कागदाशी थांबला. कागद उजेडाकडे धरला. मग माझ्याकडे बघून अतिशय नम्रपणे विचारलं, "हे बोट कुणाचं आहे?"

मला आधी समजलंच नाही. मग दिसलं. आजींच्या सुबक शिक्क्याच्या वर, कोपऱ्यात, माझ्या बोटाचा लालभडक ठसा. अगदी रेघारेघांसकट. हळदीचा डाग त्याला करीचा वाटला असावा, त्याच्याबद्दल तो बोलला नाही. पण लाल ठशाला इथे अर्थ असतो. शिक्का नसेल तेव्हा त्याच्या जागी अंगठा उठवतात, लाल शाईत, आणि तो उठवायची वेळ येते ती बहुधा पोलीस ठाण्यात. दोन पदव्या घेतलेली मी त्या खिडकीत अंगठेबहाद्दर ठरले होते, तेही दुसऱ्याच्या कागदावर.

"हे... देवाचं आहे," मी म्हणाले. जपानीत ते वाक्य किती वेडगळ वाटतं ते बोलल्यावर कळलं.

"देवाचं," तो म्हणाला. हसला नाही. "क्षमा करा, जरा थांबता का?" आणि कागद घेऊन आतल्या खोलीत गेला.

माझं धाबं दणाणलं. आत काचेपलीकडे तो आणि एक वयस्कर साहेब कागदावर वाकलेले दिसत होते. साहेबानं टेलिफोनकडे हात नेला. माझ्या मनानं तेवढ्यात सगळं उरकून टाकलं. म्हाताऱ्या, निर्वासित बाईच्या कागदावर एका परदेशी बाईनं खाडाखोड केली. पोलीस येणार, व्हिसा जाणार, नवऱ्याची नोकरी जाणार. आणि संध्याकाळी मुलगी सायकलचीही वाट बघत बसेल. हे सगळं कुंकवाच्या एका बोटापायी. सासूबाईंवर मी मनातल्या मनात इतकी चिडले की तेवढा वेळ भीतीसुद्धा विसरले.

"काय झालं?" मागून आवाज आला. आजी. स्वच्छतागृह शोधत आत आल्या होत्या. मला धड सांगताही येईना. तेवढ्यात साहेब बाहेर आला, कागद काउंटरवर ठेवला आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला. आजी कागदावर नाक टेकेल इतक्या वाकल्या. बोटाकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे. उजव्या हाताच्या अनामिकेवर लाल रंग अजून तसाच होता. मी मूठ मिटली.

"माझं आहे," आजी म्हणाल्या.

"आपलं?"

"शाई सांडली. हात थरथरतो माझा. वय झालं." आणि हात पुढे करून थरथरवून दाखवला. कचऱ्याची पिशवी दारात परत आणून ठेवणारा तो हात मी कधी थरथरताना पाहिला नव्हता.

साहेबानं क्षणभर दोघींकडे पाहिलं. मग कोरा कागद पुढे सरकवला. "शिक्का आणला असेल तर नवा लिहून देता का? याच्यावर पुढे प्रश्न येतील." आजींनी कमरेच्या पिशवीतून शिक्का काढला. तो त्या गाव सोडल्यापासून अंगावरच बाळगत. नवा कागद भरून होईपर्यंत जेवणाची सुट्टी झाली आणि खिडकी बंद झाली.

हे कुंकू लावलं नसतं तर आम्ही तोवर घरच्या रस्त्याला लागलो असतो. हे मी नंतर शंभरदा स्वतःला ऐकवलं.

आम्ही गाडीत बसून भाताचे गोळे खाल्ले. मी विचारलं, "तुम्ही खोटं का बोललात?"

"खोटं कसं? गाडी अजून माझीच आहे. तिच्या कागदावरचं सगळं माझंच." मग त्यांनी विचारलं, "ते लाल काय होतं?"

"रक्षणासाठी लावतात. गाडीला काही होऊ नये म्हणून."

"अस्सं." त्या समोर काचेतून बघत राहिल्या. "या गाडीला काहीच झालं नव्हतं. अंगणात उभी होती. भोंग्यावरून सांगितलं की दोन-तीन दिवसांसाठी निघा, तशी निघाले. फ्रिजमध्ये मासा ठेवलेला होता." मग भाताच्या गोळ्याचा कागद नीट घडी घालत म्हणाल्या, "मी गाडी ओसाकालाच नेणार होते. मुलगा म्हणाला, आई, गाडी आणू नकोस. तिथे पार्किंगचा प्रश्न आहे म्हणे."

पार्किंगचा प्रश्न नव्हता हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. मागच्या सीटवरचं प्लास्टिक उन्हानं कडकड वाजत होतं.

दुपारी कागद पुढे सरकले. गाडीचं नवं प्रमाणपत्र माझ्या नावानं छापून आलं. आता जुन्या पाट्या काढून परत करायच्या, नव्या घेऊन लावायच्या, आणि मग एक माणूस येऊन मागच्या पाटीच्या एका स्क्रूवर सरकारी झाकण ठोकतो, की झालं. पाट्या आपल्याच हातानं काढायच्या असतात, स्क्रूड्रायव्हर कार्यालयाचा. मागचं जुनं झाकण भोसकून काढावं लागतं. समुद्राच्या खाऱ्या हवेनं स्क्रू गंजले होते, माझ्यानं हलेनात. आजींनी स्क्रूड्रायव्हर घेतला, डोळे मिटले आणि नुसत्या हातानं चाचपत चारही काढले. मग रुमालानं दोन्ही पाट्या पुसल्या. मागून आणि पुढून. इवाकीच्या अक्षरांवर रुमाल दोनदा फिरला. खिडकीवर त्यांनीच त्या दोन्ही हातांनी दिल्या, वाकून. आतल्या माणसानं त्या घेऊन पेटीत टाकल्या, त्याचा मोठा आवाज झाला.

आणि तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम कोकलले.

तो आवाज ज्यानं ऐकला आहे त्याला सांगायला नको. जमीन हलायच्या आधी काही क्षण तो वाजतो आणि त्या क्षणांत माणूस नुसता उभा राहतो. मग हललं. आधी खालून धक्का, मग आडवं, लांबलचक. दिवे झुलायला लागले, कपाटं खडखडली, कुणीतरी ओरडलं, "बाहेर!" पार्किंगमध्ये शंभर गाड्या जागच्या जागी डोलत होत्या. त्यांत आमची पाटी नसलेली गाडी. आजी तिच्या बंपरला टेकून खाली बसल्या होत्या, कानांवर हात, डोळे घट्ट मिटलेले. मी त्यांच्या शेजारी बसले. थांबेल, आता थांबेल, असं मी म्हणत होते, पण मराठीत, आणि ते त्यांच्यासाठी नव्हतं.

थांबलं. फोन लागेना. होइकुएनचा नाही, नवऱ्याचा नाही. माझ्या डोळ्यांसमोर ती जाड टोपी आली. मी गाडीत बसले आणि किल्ली फिरवली.

स्टिअरिंगवर एक हात आला. आजी खिडकीतून आत वाकल्या होत्या. चेहरा पांढराफटक, पण हात घट्ट. "पाट्या नाहीत."

"खड्ड्यात गेल्या पाट्या!" मी मराठीत ओरडले. सकाळी एका लाल ठिपक्यापायी पोलिसांना घाबरलेली ती मीच.

"पहिल्या चौकात पोलीस अडवतील," आजी म्हणाल्या. "मग आणखी उशीर होईल."

"ओसोई." उशिरासाठी त्यांनी मुलीचाच शब्द वापरला होता. त्यांना त्यातलं काही माहीत नव्हतं.

मी गाडी बंद केली आणि पाट्यांच्या खिडकीकडे धावले. ती बंद होती, आतली माणसं बाहेर उभी राहून वर बघत होती, छत पडतं की काय ते. दुकानांची माणसं मात्र पुन्हा रांगेत उभी राहिली होती, हातात फायली, आपापल्या क्रमानं. या देशात जगबुडी झाली तरी रांग मोडायची नाही. माझ्यापुढे दहा-बारा जण तरी होते. मी तोंड उघडलं आणि डोक्यातली सगळी जपानी पुसून गेली. विनंतीची लांबलचक वाक्यं, क्षमा मागायचे प्रकार, काही उरलं नाही. "कोदोमो," मी म्हणाले. मूल. "होइकुएन." आणि कुठेतरी लांब बोट दाखवलं.

सगळ्यात पुढचा माणूस बाजूला झाला. मग त्याच्या मागचा. मग सगळेच. सकाळचा तो साहेब स्वतः आत शिरला, पडलेल्या सामानातून वाट काढत, आणि त्सुकुबाच्या दोन नव्या पाट्या घेऊन आला.

लावताना माझ्या हातून स्क्रू निसटला आणि गाडीखाली गडगडला. आजी जमिनीवर पालथ्या पडल्या आणि हात घालून तो शोधून काढला. स्क्रू त्यांनीच बसवले, पुन्हा डोळे मिटून. साहेबानं झाकण ठोकलं. आजी उठल्या, गुडघे झटकले आणि गाडीच्या टपावर एकदा हात ठेवला. मग माझ्या शेजारी येऊन बसल्या.

रस्त्यात रेडिओवर त्सुनामीचा धोका नाही असं सांगितलं तेव्हा आजींचा श्वास मोठ्यानं बाहेर पडला. मी स्टिअरिंग इतकं आवळलं होतं की बोटं दुखत होती. प्रत्येक वळणावर वाटत होतं की पुढचा रस्ता फाटलेला असेल. एकही फाटलेला नव्हता. सिग्नल चालू होते. झाडं जागेवर होती. इतकं सगळं धड असूनही माझी भीती काही कमी होईना.

होइकुएनच्या अंगणात मुलं टोप्या बांधून ओळीनं बसली होती. एकही आई आली नव्हती. मी फाटकातून धावत आत गेले. मुलगी उठून उभी राहिली, माझ्याकडे बघितलं, मग माझ्यामागे रस्त्यावरच्या पांढऱ्या गाडीकडे.

"हायाई!" ती ओरडली. केवढ्या लवकर!

मी तिथेच मातीत गुडघ्यांवर बसले आणि रडले. बाई माझी पाठ थोपटायला आल्या. मुलीला माझी लाज वाटली असावी, ती माझा हात ओढून गाडीकडे न्यायला लागली.

गाडीशी आलो तर आजी खाली उतरल्या होत्या. फूटपाथवर उभ्या, पिशवी छातीशी धरलेली, गाडीपासून चार पावलं लांब. मुलीकडे बघून हसल्या, पण जवळ आल्या नाहीत.

"मी बसनं जाते," त्या म्हणाल्या. "मुलीला मोकळं बसू दे."

तिथून आमच्या घराकडे बस जात नव्हती. त्यांना ते माहीत होतं, मलाही.

तो त्यांच्या खिडकीचा पडदा. प्लास्टिक. साबणाचं पाणी, दर दोन दिवसांनी. त्यांनी सगळं पाहिलं होतं आणि तरीही सकाळी म्हणाल्या होत्या, माझं आहे ते बोट. त्यांना तिथे तसंच सोडून मी गाडी चालवत निघून जाईन आणि मुलगी मागच्या काचेतून त्यांना बघेल, याची मला एकदम भीती वाटली. त्या दिवसातली सगळ्यात मोठी.

मी मागचं दार उघडलं. मुलीची खुर्ची सोडवली, बाहेर फूटपाथवर ठेवली आणि प्लास्टिक ओढलं. ते कडेला अडकलं होतं, फाटलं, मी आणखी फाडलं. सगळं चुरगाळून पुढे पायाशी कोंबलं. खुर्ची पुन्हा नुसत्या सीटवर बसवली, मुलीला तिच्यात बसवलं, पट्टा लावला. आजी बघत होत्या. मग मी त्यांच्याकडे वळले. जपानीत काय म्हणतात ते मला आत्ता या घटकेलाही सुचत नाही.

"आजी, बसा ना," मी म्हणाले.

त्यांना मराठीचं एक अक्षर येत नव्हतं. त्यांनी वाकून चपलांची धूळ झटकली, जशी घरात शिरताना झटकतात, आणि मुलीच्या शेजारी मागे बसल्या.

मी गाडी सुरू करून आरशात पाहिलं. परीक्षक म्हणाला होता की मी आरशात फार बघते. आजींनी दोन्ही हात मांडीवर आवळून धरले होते, कशालाही लागू नयेत असे. मुलीनं त्यातला एक ओढून घेतला आणि घरी येईपर्यंत सोडला नाही.